कारभाऱ्याच्या दारातली बोंब

माझ्याइतक्या गोष्टी या मुलखात कुणालाच येत नाहीत. म्हणजे खरं सांगायचं तर मला एकच येते, पण ती मी दर वेळी वेगळी सांगतो, म्हणून ऐकणाऱ्याला पुष्कळ वाटतात. आजही तीच सांगतो. पोरांनी पुढे बसावं, शहाण्यांनी मागे. शहाण्यांना मान खाली घालायला मागची जागा बरी.

फार फार जुन्या काळी, आपल्या खापरपणज्यांनाही दात यायचे होते तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाला राजा नव्हता. राजा नव्हता म्हणून गाव मोठं सुखी होतं असं समजू नका. भांडणं होती, चहाड्या होत्या, जावयांचा त्रास होता. पण राजा नव्हता. गावाचा एक कारभारी असे आणि तो गावच निवडत असे. आता आपल्याकडे बायका नवऱ्यालाही कारभारी म्हणतात आणि घरचा कारभार कोण चालवतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. या गावातही थोडं तसंच होतं. पागोटं कारभाऱ्याच्या डोक्यावर, डोकं मात्र गावाचं.

कारभाऱ्याकडे मुख्य काम एकच. गावाला एक तळं होतं, तळ्याला मातीचा बांध, आणि बांधापासून एक पाट निघून शेताशेतातून जायचा. उन्हाळ्यात त्या पाटाला पाणी सोडायचं ते कारभाऱ्याने. तेही कसं? शेपटाकडून. पाटाच्या टोकाला, सगळ्यांत लांब जे शेत, त्याला पाणी आधी. मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्या अलीकडचं, आणि तळ्याला चिकटलेली माथ्याची शेतं शेवटी. का, ते पोरांनासुद्धा कळेल. माथ्याच्या शेताला नुसत्या पाझरानेही ओल मिळते. शेपटाला मात्र आधी दिलं तरच मिळतं.

आणि या कारभाऱ्याला ताळ्यावर ठेवायला गावाने सैन्य ठेवलं नव्हतं, वकील ठेवला नव्हता. एक बोंब ठेवली होती.

धुळवडीच्या सकाळी सगळं गाव कारभाऱ्याच्या दारात जमायचं. कारभाऱ्याने दार सताड उघडायचं, पागोटं काढून उंबऱ्यावर ठेवायचं आणि बोडक्याने शेजारी बसायचं. मग लोकांनी तोंडावर हात मारून दणदणीत बोंब ठोकायची, आणि वर्षभरात त्याने कारभारात जे जे चुकवलं ते एकेकाने ओरडून सांगायचं. त्या सकाळी कारभाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणायचं नाही. थेट ‘तू’.

“पाटातलं गवत काढलं नाहीस!”

“माझा बैल कोंडवाड्यात घातलास आणि मेव्हण्याचा मोकळा सोडलास!”

“देवळाच्या पंगतीत बायकांना गार भात आला!”

“बोलताना तुझी थुंकी उडते!”

“हे कारभारातलं नाही,” असं मग कुणी म्हातारं माणूस म्हणायचं आणि सगळे हसायचे. कारभाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. नुसतं ऐकायचं. ओरडून घसे बसले की गावाला वाटलं तर त्याच्याच डोक्यावर पागोटं परत बांधायचं, नाहीतर दुसऱ्याच्या. आणि मग सगळ्यांनी त्याच्याच घरी जेवायचं. राग धरायचा नाही. धरलाच तर दोन घास जास्त खायचे.

असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. मग रखमाजी कारभारी झाला.

रखमाजी वाईट माणूस होता, असं म्हणून मला पटकन मोकळं होता आलं असतं. तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण तो चांगला होता हो. त्याने तळ्यातला गाळ उपसला. देवळाचं छप्पर शाकारलं. तो बोलायला गोड, आल्या-गेल्याला विचारणारा. पहिल्या काही धुळवडींना लोक ओरडले, तो उंबऱ्यावर बसून हसला, आणि पागोटं त्याच्याच डोक्यावर परत आलं.

मग एका उन्हाळ्यात असं झालं की रखमाजीची माथ्यावरची शेतं सुकायला लागली. त्याने पाटाचं पाणी आधी माथ्याला घेतलं आणि मग खाली सोडलं. “यंदापुरतं,” म्हणाला. शेपटाला तान्हाईचं शेत होतं. तान्हाई एकटी बाई. कांदा-लसणाचे वाफे आणि एक म्हैस एवढाच तिचा संसार, आणि आवाज मात्र देवाने दोघींचा दिलेला. तिला त्या साली पाणी उशिरा आलं. अर्धा कांदा करपला.

“धुळवड येऊ दे,” ती म्हणाली. “मग बघते.”

पण धुळवडीच्या तोंडावर रखमाजीची आई वारली.

सगळं गाव पेचात पडलं. दाजिबा नावाचा गावातला सगळ्यांत वडील माणूस होता. त्याचा शब्द कुणी मोडत नसे. तो म्हणाला, “दुखवट्याचं घर आहे. यंदा बोंब नको. माणुसकी म्हणून काही असतं.”

“पाण्याचं काय?” तान्हाईने विचारलं.

“तान्हे, अगं पाणी कुठे पळून जातंय? त्याची आई गेलीय!”

आता सांगा, यात काय चुकलं? तुम्हीही तेच म्हणाला असता. मीही. धुळवडीला लोक रखमाजीच्या दारात गेले आणि गप्प उभे राहिले. दार सताड उघडं होतं. रखमाजी बोडक्याने उंबऱ्यावर बसला होता आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, जणू कशाची तरी वाट बघतोय. कुणी तोंड उघडलं नाही. तान्हाईनेही नाही. तिला भीड पडली. दाजिबाने पुढे होऊन पागोटं उचललं आणि रखमाजीच्या डोक्यावर बांधलं. “घट्ट तर नाही ना झालं?” एवढंच त्याने विचारलं. सगळे जेवून घरी गेले. आपण फार सभ्य आहोत असं त्या दिवशी गावाला वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यातही पाणी आधी माथ्याला गेलं. पुढची धुळवड आली. आता दुखवटा नव्हता. पण लोक म्हणाले, “गेल्या साली ओरडलो नाही. यंदा ओरडलो तर त्याला वाटेल, यंदाच माझं काय बिघडलं? उगाच मनाला लागेल त्याच्या.” म्हणून तेव्हाही गप्प.

त्याच्या पुढच्या साली रखमाजीने स्वतःच दारात मांडव घातला, हलगी लावली आणि उसाचा रस ठेवला. रस पिता पिता बोंब मारता येत नाही, करून बघा. जमलेल्यांतल्या एका उत्साही माणसाने रस संपल्यावर तोंडावर हात मारला आणि ओरडला, “कारभाऱ्यांसारखा माणूस होणे नाही!” त्याचं पाहून दुसरा ओरडला. बोंब तीच, हात तोच, आवाजही तोच. तान्हाई उठून घरी गेली. आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानातही आली नाही. त्या सकाळी सगळे रखमाजीला ‘तुम्ही’ म्हणत होते.

मग रखमाजीने सागवानी दार बसवलं. जाड. पितळी फुल्यांचं. आणि गावात दवंडी फिरली की बोंबेच्या आवाजाने तळ्यातले मासे घाबरतात, तरी धुळवडीला कुणी ओरडू नये.

मासे! कुणी हसलंसुद्धा नाही. उलट एकाने सांगितलं की त्याने घाबरलेला मासा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

तुम्ही विचाराल, रखमाजीकडे तलवारी होत्या का? शिपाई होते का? अहो, एक काठी नव्हती. गावात काठी होती ती दाजिबाची, आणि ती त्याला चालायला लागायची. गाव गप्प होतं ते ज्याच्या-त्याच्या कारणाने. एकाच्या पोरीचं लग्न ठरायचं होतं. दुसऱ्याला आपल्या शेताचा माथ्याकडचा बांध रुंद करून हवा होता. तिसरा म्हणे, मी एकटा ओरडून काय होतंय? असे ‘एकटे’ घरटी एक होते. बायका चुलीत तोंड घालून कुरकुरायच्या, पुरुष वैरणीत तोंड घालून. आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे तर सुखात दिसतायत, मलाच मेलं काय दुखतंय?

शेपटाला मात्र पाणी यायचं बंद झालं. त्या साली तान्हाईने पाहिलं की विहिरीला तळ लागला, वाफे भेगाळले, म्हशीच्या बरगड्या मोजता येतील अशा झाल्या. आणखी एक उन्हाळा असा गेला तर शेत जाणार, हे तिला स्पष्ट दिसलं. धुळवडीच्या आदल्या दिवशी ती दारोदार फिरली.

“उद्या मी ओरडणार. माझ्याबरोबर कोण येतं?”

“अगं, म्हैस व्यायलीय आमची.”

“पाय मुरगळलाय माझा.” हा उभा राहून बोलत होता, दोन्ही पायांवर.

दाजिबा म्हणाला, “तान्हे, तुझं खरं आहे. पण खरं बोलण्याची एक पद्धत असते.”

“होती की, दाजिबा,” ती म्हणाली. “चांगली पद्धत होती. मोडली कुणी?”

दाजिबाने काठीने जमिनीवर उगाच रेघ ओढली.

धुळवडीच्या सकाळी तान्हाई एकटी रखमाजीच्या दारात उभी राहिली. दार बंद. तिने तोंडावर हात मारला आणि अशी बोंब ठोकली की डोंगरावरचे पोपट उडाले.

“रखमाजी! पाणी माथ्याला ओढलंस! शेपूट वाळवलंस! तळ्याच्या बांधात खेकड्यांनी बिळं केलीत, ती बघायला माणूस नाही! ऐकतोस का?”

दार उघडलं नाही. पण त्या गल्लीत दुसरा एक आवाज झाला. खट. मग शेजारी, खट. मग समोर, खट, खट. घराघरांतून लोक आतून कड्या लावत होते. ज्यांनी तिच्याबरोबर यायचं, ते दाराला पाठ टेकून उभे होते, की आपण ऐकलं असं कुणाला कळू नये.

दुसऱ्या दिवशी तान्हाईच्या शेताकडे जाणारी पाटाची मोरी चिखलाने लिंपून बंद केलेली सापडली. रखमाजीने सांगितलं होतं का? नाही. हीच तर सांगायला लाज वाटणारी गोष्ट आहे. त्याला सांगावंच लागलं नाही. गावातल्याच हातांनी, आपणहून, त्याला बरं वाटावं म्हणून तो चिखल थापला होता. आणि चांगला थापला होता, बोटांच्या खुणा राहणार नाहीत असा.

तान्हाईने म्हैस दाव्यातून सोडून बरोबर घेतली, गाडगी-मडकी डोक्यावर घेतली आणि ओढ्यापलीकडच्या माळावर खोप घालून राहिली.

आता खेकड्यांकडे येतो. खेकडे बोलतात का, असं पुढे बसलेलं एखादं पोर विचारील. एरवी नाही बोलत. पण माणसं गप्प बसली की कुणीतरी बोलायला लागतंच. बांधाच्या पोटात दोन खेकडे माती कोरत होते.

धाकटा म्हणाला, “काका, हळू कोरा. कुणी ऐकेल.”

थोरला म्हणाला, “ऐकू दे रे. ऐकणारे पुष्कळ आहेत या गावात. सांगणारा कोण आहे?”

आणि दोघे पुन्हा कोरायला लागले.

बांधाचा राखणदार होता सुभाना. त्याने बिळं पाहिली होती. एकात हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. तो धावत रखमाजीकडे गेला, सागवानी दार वाजवलं, आत गेला. रखमाजी लोडाला टेकून बसला होता.

“काय सुभाना, बांध कसा आहे?”

सुभानाने तोंड उघडलं. मग दाराकडे पाहिलं, पितळी फुल्यांकडे पाहिलं, स्वतःच्या चिखलाने भरलेल्या हाताकडे पाहिलं आणि तो हात पाठीमागे नेला.

“बांध? तुमच्यासारखाच, कारभारी. मजबूत.”

“सगळं ठीक ना?”

“ठीक म्हणजे काय! बघत राहावं असा.”

ऐन चैत्रात, भर दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, तो बघत राहावा असा बांध फुटला. उन्हाळाभर पुरायचं पाणी एका दुपारीत वाहून गेलं. जाताना माथ्याच्या शेतांची काळी माती घेऊन गेलं, पाटाच्या कडा घेऊन गेलं. रखमाजीचीच शेतं सगळ्यांत आधी खरवडली गेली. शेवटी ते पाणी शेपटाला पोचलं. इतकी वर्षं वाट पाहणाऱ्या शेताला पाणी मिळालं, आणि कंबरभर गाळाखाली ते शेत गाडलं गेलं. तळ्याच्या तळाशी मासे तडफडत होते. तेच, बोंबेला घाबरणारे.

तेव्हा मात्र गाव पेटलं. कड्या निघाल्या. मुरगळलेले पाय धावत सुटले. सगळं गाव रखमाजीच्या दारात जमलं आणि इतक्या वर्षांची साठलेली बोंब एकदम बाहेर पडली. दार त्या धक्काबुक्कीत बिजागरीतून निखळून पडलं.

“पाणी खाल्लंस!”

“तळं घालवलंस!”

“आमचा गळा दाबलास!” असं सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो उसाचा रस पिऊन “होणे नाही” म्हणणारा. असतो एकेकाचा आवाज, कशालाही लागतो.

रखमाजी बाहेर आला. त्याने पागोटं काढलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि पूर्वीसारखा बोडक्याने शेजारी बसला. सगळ्यांचं ओरडून होईपर्यंत गप्प राहिला. मग बोलला.

“झालं? आता एकच सांगतो. आई गेली त्या साली मी माथ्याला पाणी आधी घेतलं. चूक होती, मला ठाऊक होतं. धुळवडीला दार उघडून बसलो. मनात म्हटलं, आता हे ओरडतील, मी शरमेन आणि उद्या पाणी फिरवीन. तुमच्या तोंडांकडे बघत होतो एकेकाच्या. दाजिबा, तुम्ही पुढे आलात. तुम्ही मला विचारलंत, पागोटं घट्ट तर नाही ना झालं?”

रखमाजीने उंबऱ्यावरच्या पागोट्याकडे बोट केलं.

“त्या दिवशी मला कळलं की या गावात काहीही चालतं. मग मी चालवलं.”

यामुळे त्याचा गुन्हा कमी झाला असं समजू नका. तान्हाईच्या वाट्याचं पाणी त्याच्याच शेतात मुरलं होतं, दार त्यानेच बसवलं होतं. तो उठला आणि डोंगराकडे चालायला लागला. त्याला कुणी अडवलं नाही, मारलंही नाही. मारायला हात उचलावा तर आधी वर बघावं लागतं, आणि सगळ्या माना खाली होत्या. सुभाना आपले हात धोतराला पुसत होता. हात केव्हाच कोरडे होते, तरी पुसत होता. पागोटं उंबऱ्यावर तसंच पडून राहिलं. त्याला शिवायला कुणी धजेना.

मग गावाने बांध घातला. दगडाला दगड, टोपलीला टोपली, हाताला हात लावून. दाजिबाही येऊन बसायचा आणि बसल्या जागेवरून खडे वेचायचा. शेपटाच्या शेतातला गाळ लोकांनी न सांगता उपसला. ती चिखलाने लिंपलेली मोरी मोकळी केली. कुणी लिंपली होती, असं कुणी विचारलं नाही. प्रत्येकाला निदान एक तरी नाव ठाऊक होतं.

बांध पुरा झाल्यावर दाजिबाने ते पागोटं झटकून हातात घेतलं आणि सगळं गाव ओढा ओलांडून माळावर गेलं. तान्हाई म्हशीचं शेण थापत बसली होती. एवढं गाव आलेलं पाहून तिने गोवऱ्या थापायचं थांबवलं नाही.

“तान्हे,” दाजिबा म्हणाला, “आम्ही चुकलो. तू ओरडत होतीस आणि आम्ही कड्या लावल्या.”

“ऐकल्या मी,” ती म्हणाली. “तुमची कडी गंजलीय, दाजिबा. तेल घाला. लांबपर्यंत वाजते.”

दाजिबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पागोटं पुढे केलं.

“आता तूच कारभारीण हो. आमची सगळ्यांची इच्छा आहे. या गावात खरं बोलणारी तू एकटीच निघालीस.”

“वर्षभरासाठी?”

“वर्ष कसलं! जन्मभरासाठी!” मागून सगळे ओरडले. किती दिवसांनी त्यांचे चेहरे जरा उजळले होते. “तुझ्यासारखी सरळ बाई असल्यावर दर साली निवड कशाला? धुळवड कशाला? तुझ्या दारात बोंब मारायची वेळच यायची नाही, तान्हाई. आम्ही रांगोळ्या घालू तुझ्या दारात!”

तान्हाईने हातातलं शेण खाली ठेवलं. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी तसंच, जसं एके काळी उंबऱ्यावर बसून कुणीतरी पाहिलं होतं.

आता तात्पर्य. खरं तर ते शेवटी सांगायचं असतं, पण मी इथेच सांगून मोकळा होतो, कारण यापुढे तान्हाई जे बोलली त्याला उत्तर द्यायची त्या गावाची छाती झाली नाही आणि माझीही नाही. तात्पर्य हे की, ज्या दारात भिडेपोटी ओरडायचं सोडून देतात, त्याच दारात पुढे भीतीपोटी हात जोडून उभं राहावं लागतं.

तान्हाई म्हणाली, “आणि मी पाणी चोरलं, तर माझ्या दारात ओरडणार कोण? तुम्ही?”